गजलक्ष्मीवरचे आठ जण

डेल्सी फर्नांडिस आमच्या मच्छीमार सोसायटीत नोकरीला आली तेव्हा मी तिथे सचिव होतो. मुलाखतीला ती तोंडवलीहून स्कूटरवर आली. हेल्मेट काखेत, केसांत वाळू, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच तिने विचारलं, "कॉम्प्युटर कुठला आहे तुमच्याकडे?" आमच्याकडे एक होता. कुणीतरी दिलेला, जुना, कापडाखाली झाकून ठेवलेला. तिने कापड उचललं, मागच्या वायरी हलवून पाहिल्या आणि म्हणाली, "चालेल."

वय चव्वेचाळीस. लग्न केलेलं नाही. वास्कोला एका शिपिंग एजंटच्या कचेरीत तिने नऊ वर्षं काढली होती. बाप बेनेडिक्ट, होड्या बांधणारा सुतार, अंगावरून वारं जाऊन अंथरुणाला खिळला म्हणून ती घरी परतली. वास्कोच्या त्या कचेरीत जहाजांच्या याद्या करता करता ती एक भाषा शिकली होती, पर्ल नावाची. ही कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. कुणी शिकवली नाही. कचेरीत एक जाडजूड पुस्तक पडून होतं, ते तिने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं.

आमचं काम मोठं नव्हतं, पण रोजचं होतं. आमच्या बंदरातून अकरा बोटी वीस-पंचवीस वाव खोल पाण्यात मासेमारीला जातात, चार-चार पाच-पाच दिवस बाहेर राहतात. बोट सुटताना तिचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, आम्हाला वायरलेसवर खलाशांची नावं सांगायचा आणि मी ती वहीत लिहायचो. महिन्याच्या शेवटी वरच्या कचेरीला तक्ता पाठवावा लागे: कुठली बोट, किती माणसं. वही ओली व्हायची, माझं अक्षर मलाच लागत नसे आणि तक्ता करायला माझे दोन दिवस मोडायचे.

डेल्सीने तीन आठवड्यांत त्या कामासाठी पर्लमध्ये प्रोग्राम लिहिला. बोटीचं नाव विचारायचा, मग एकामागून एक खलाशांची नावं विचारायचा, आणि शेवटी बटण दाबलं की तक्ता तयार. गजलक्ष्मी सात, वेतोबा प्रसाद आठ, स्टेला सहा. मी इतका खूश झालो की त्याच दिवशी वही बंद केली. कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. डेल्सी म्हणाली होती, "भाऊ, वही थोडे दिवस चालू ठेवूया." मी म्हटलं, "आता कशाला दोन-दोन कामं?" हे मी आवर्जून सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात निम्मा वाटा माझा आहे.

दोन महिने सगळं सुरळीत गेलं. वरच्या कचेरीतून साहेबांचा फोन आला, असा स्वच्छ तक्ता जिल्ह्यात कुणी पाठवत नाही म्हणाले.

मग ऑक्टोबर आला. एका मंगळवारी सकाळी वादळाचा इशारा लागला आणि बोटींना परत फिरायला सांगितलं. अकरापैकी नऊ बोटी दुपारी बारापर्यंत आसपासच्या बंदरांत लागल्या. एक विजयदुर्गाला थांबली. राहिली गजलक्ष्मी. तिचं इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बंदरातली एक बोट तिला ओढत देवगडकडे नेत होती. एवढं कळलं आणि वायरलेस गेला. मोबाइलचे टॉवरही आडवे झालेले.

जेटीवर बायका जमल्या. त्यात हौसाबाई होती. साठीची, मासळी बाजारात बसणारी, आवाज असा की लिलावात तिच्यापुढे कुणी टिकत नसे. तिचा मुलगा सत्यवान नेहमी स्टेलावर जाई. स्टेला तर बंदरात लागली होती आणि सत्यवान तिच्यावर नव्हता. स्टेलाच्या तांडेलाने सांगितलं की तो या खेपेला दुसऱ्या बोटीवर गेला. कुठल्या, ते त्याला ठाऊक नव्हतं.

हौसाबाई थेट कचेरीत आली. "डेल्सी, माजो सत्यवान खंयच्या बोटीर आसा?"

"बघून सांगते," म्हणत डेल्सीने प्रोग्राम उघडला. गजलक्ष्मी लिहिलं, बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: ७.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा ७. मग तिने साठवलेली फाइलच उघडली. मी तिच्या खांद्यावरून पाहत होतो. फाइलमध्ये अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत बोटीचं नाव आणि एक आकडा. त्याशिवाय काही नव्हतं. दोन महिने तिने रोज टाइप केलेल्या नावांपैकी एकही नाव कुठे नव्हतं.

"सात जण आहेत गजलक्ष्मीवर," डेल्सी हळू आवाजात म्हणाली.

"माका सात नको गो," हौसाबाई म्हणाली. "माजो त्यात आसा काय नाय, तेवढाच सांग."

अकरा बोटींवरची ऐंशीएक नावं डेल्सीला तोंडपाठ नव्हती, मलाही नव्हती. मी वहीकडे धावलो, कुलूप काढलं, पण वहीतलं शेवटचं पान दोन महिन्यांपूर्वीचं. हौसाबाई कचेरीच्या पायरीवर जाऊन बसली. तिच्या मागोमाग आणखी पाच-सहा बायका बसल्या, कारण गजलक्ष्मीवर नेमकं कोण आहे याची कुणालाच खात्री नव्हती. खलाशी ऐन वेळी बोटी बदलतात, हे आमच्याकडे नेहमीचं आहे.

चार वाजता कचेरीच्या लँडलाइनवर देवगडहून सत्यवानचा फोन आला. सगळे सात जण सुखरूप होते आणि तो त्यांतच होता. हौसाबाईने फोन कानाला लावला, मुलाला दोन शिव्या दिल्या आणि मग रडली. जाताना ती डेल्सीसमोर थांबली. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "तुज्या त्या पेटयेत माणसां नाय गो, नुसते आकडे आसत."

मला वाटलं, डेल्सी आता राजीनामा देते की काय. तिने पर्स उचलली, स्कूटरची किल्ली काढली आणि म्हणाली, "चूक माझी आहे, भाऊ. कुठे झाली ते मला दिसतंय. दोन दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी येऊन बसली होती. मी चहा घेऊन गेलो तर तिने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. तुम्हाला समजायला हवं. तुम्ही सचिव आहात."

आणि तिने मला ते समजावलं. मला त्यातलं जे कळलं ते असं. पर्लमध्ये माहिती ठेवायची एक सोय आहे, तिला हॅश म्हणतात. टपाल कचेरीतल्या कप्प्यांसारखी. प्रत्येक कप्प्यावर एक नाव, इथे बोटीचं. नाव सांगितलं की कप्पा लगेच सापडतो, शोधत बसावं लागत नाही. पण एका कप्प्यात एकच वस्तू मावते. दुसरी सोय आहे ॲरे, म्हणजे ओळीने लावलेली यादी. खलाशांची नावं तिने अशा यादीत घेतली होती, आणि ती यादी बोटीच्या कप्प्यात टाकली होती.

"मग?"

"मावली नाही. एका वस्तूच्या जागेत आख्खी यादी कोंबायला गेलं की पर्ल भांडत नाही, चूक दाखवत नाही. यादीत किती नावं आहेत ते मोजतं आणि तो आकडा कप्प्यात ठेवतं. आपल्याला तक्त्यात आकडाच हवा होता. त्यामुळे रोज उत्तर बरोबर दिसत होतं."

"मग आता यादी ठेवायची कुठे?"

"कप्प्यात घर मावत नाही, घराचा पत्ता मावतो. यादी बाहेर ठेवायची आणि तिचा पत्ता कप्प्यात टाकायचा. वास्कोत हे सगळं मी केलं होतं. इथे घाईत एक खूण लिहायची राहिली." तिने पडद्यावर बोट ठेवलं. एक तिरकी रेघ होती, बस. "ही."

दुपारी तिने मला बोलावलं आणि चाचणी घ्यायला सांगितली. मी तीन बोटी भरल्या, प्रत्येकीवर वेगवेगळी नावं. गंमत म्हणून शेवटच्या बोटीवर माझ्या तिन्ही मेव्हण्यांना चढवलं. मग बटण दाबलं. तिन्ही बोटींवर माझे तिन्ही मेव्हणे.

मला हसू आलं. डेल्सीला नाही आलं. तिने कपाळाला हात लावला. "यादी एकच होती. दर बोटीला मी तीच पुसून त्यातच नवी नावं लिहीत होते. सगळ्या कप्प्यांत पत्ता त्याच एका घराचा गेला. घरात शेवटी जी माणसं राहायला आली, तीच सगळ्यांना दिसणार."

"हे सकाळीच का नाही सुचलं?"

"सुचायला हवं होतं. म्हणूनच तर तुम्हाला चाचणीला बसवलं. मी चाचणी घेतली असती तर एकच बोट भरून उठले असते."

या वेळी तिने घाई केली नाही. प्रत्येक बोटीसाठी नवी, वेगळी यादी तयार होईल असं लिहिलं. त्यालाही खूण साधी, यादीभोवती चौकोनी कंस. मग तिने मला अकराच्या अकरा बोटी भरायला लावल्या, दोन बोटींवर एकाच नावाची माणसं टाकायला लावली, एक बोट रिकामी ठेवायला लावली. प्रत्येक नाव आपापल्या बोटीवर दिसेपर्यंत तिने मला उठू दिलं नाही. संध्याकाळी फाइल उघडून दाखवली. बोटीचं नाव, पुढे माणसांची नावं, एकाखाली एक.

"आणि वही?" मी विचारलं.

"वहीही चालू. माझा प्रोग्राम चालतोय याची मला खात्री आहे. तरीही."

दुसऱ्या दिवशी ती मासळी बाजारात गेली, हौसाबाईला कचेरीत घेऊन आली आणि पडद्यावर तिला सत्यवानचं नाव दाखवलं. हौसाबाईला वाचता येत नाही. तिने विचारलं, "ह्या माज्या झिलाचा नाव?" डेल्सी हो म्हणाली. हौसाबाईने ते नाव काचेवर बोटाने चाचपून पाहिलं आणि बाजारात परत गेली.

जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, वायरलेसवर एकदम तीन-चार आवाज आले. गजलक्ष्मी पाण्यावर तरंगणाऱ्या कसल्यातरी मोठ्या ओंडक्यावर आदळली होती. फळ्या उसवल्या, दहा मिनिटांत बोट खाली गेली. नशिबाने स्टेला आणि वेतोबा प्रसाद जवळच जाळी ओढत होत्या. दोन्ही तिकडे धावल्या.

कचेरीत मी, डेल्सी आणि वायरलेसचा खरखराट. बाहेर बातमी फुटली होती, जेटीवर माणसं जमू लागली होती. पंधरा-वीस मिनिटांनी स्टेला बोलली. "चार जण आमच्याकडे आसत. बरे आसत." लगेच वेतोबा प्रसादवरून एक खलाशी बोलला, तांडेल सुकाणूवर होता. "आमीयव चार जणांक घेतलो. थंडीन कुडकुडतत, ताडपत्रेखाली घातल्यांव."

डेल्सीने गजलक्ष्मीची यादी आधीच उघडून कागदावर उतरवून घेतली होती. आठ नावं होती.

"चार आणि चार आठ!" मी खुर्चीवरून उठलो. "सुटलो बाबा. बचाव केंद्राला कळवतो, सगळे मिळाले म्हणून." माझा हात फोनवर गेला होता.

"थांबा, भाऊ. नावं येऊ द्यात."

"अगो, आठ झाले ना!"

"गेल्या वेळीही सात बरोबर होते," ती म्हणाली आणि वायरलेसचं बटण दाबलं. "स्टेला, तुमच्याकडचे चौघे कोण ते एकेक करून सांगा."

स्टेलाने सांगितलं. गजलक्ष्मीचा तांडेल बाळा, तो खारं पाणी ओकत होता, बोलू शकत नव्हता. सत्यवान. बाळाचे दोन पुतणे. डेल्सीने चार नावांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या.

"वेतोबा, आता तुम्ही."

"वेंगुर्ल्याचे तिगे," वेतोबावरचा खलाशी म्हणाला आणि तिघांची नावं त्याने घेतली. "आणि चवथो..." तो अडखळला. मागे कुणाला तरी ओरडून त्याने विचारलं. "चवथो जितेंद्र."

डेल्सीची पेन्सिल थांबली. गजलक्ष्मीच्या यादीत जितेंद्र नव्हता. तिने वेतोबा प्रसादची यादी उघडली. तिथे तिसरंच नाव जितेंद्र.

"जितेंद्र तुमचोच खलाशी आसा," ती म्हणाली. कचेरीत ती सहसा मालवणी बोलत नाही, त्या दिवशी बोलली. "तो पाण्यात खंय पडलो?"

आवाज आला, बदललेला. "तो वाचवक म्हणान उडी मारून गेल्लो. त्येंकाच घेवन वर इलो आणि त्येंच्याच बाजूक निजलो. मी टकली मोजलंय."

"म्हणजे तुमच्याकडे तिगेच. मुनीर खंय आसा?"

"मुनीर? मुनीर स्टेलार आसतलो."

स्टेलावरून उत्तर आलं, "आमच्याकडे नाय. आमका वाटला, वेतोबार आसा."

मुनीर सोलकर मूळचा या बोटीवरचा नव्हताच. एक खलाशी आजारी पडला म्हणून तो सोमवारी सकाळी, बोट सुटता सुटता चढला होता. जेटीवरच्या कुणालाच ते माहीत नव्हतं. त्याच्या बायकोलाही नाही. बाळा शुद्धीवर असता तर त्याने सांगितलं असतं, पण तो बोलायच्या स्थितीत नव्हता. त्या क्षणी मुनीर त्या बोटीवर होता हे पक्कं सांगणारी जागा एकच होती, डेल्सीच्या पडद्यावरची आठवी ओळ. तेच वहीतही होतं म्हणा, तिच्याच अक्षरात. पण वही उघडायची वेळ आली नाही.

मी बचाव केंद्राला फोन लावला. पहिल्याच वाक्यात मी अडखळलो. डेल्सीने माझ्या हातातून फोन घेतला आणि कचेरीच्या शुद्ध मराठीत, एक शब्दही न अडखळता सांगितलं, "एक माणूस अजून पाण्यात आहे. नाव मुनीर सोलकर, वय बेचाळीस. बोट बुडाल्याला पस्तीस मिनिटं झाली आहेत. ठिकाण लिहून घ्या." तोवर स्टेला आणि वेतोबा दोन्ही माघारी वळल्या होत्या. तिने त्यांना वारा कुठला, पाण्याची ओढ कुठली ते विचारलं आणि एकीला दक्षिणेकडे, एकीला किनाऱ्याच्या बाजूला जायला सांगितलं. हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. बेनेडिक्टची मुलगी आहे, घरात हेच ऐकत वाढली असणार.

मुनीरचं नाव बाहेर पोचलं तशी त्याची बायको अकिला जेटीवर आली. ती शांतपणे आत आली, भिंतीला टेकून उभी राहिली. डेल्सीने तिला खोटं काही सांगितलं नाही. "तो गजलक्ष्मीवर होता. अजून मिळाला नाही. दोन बोटी शोधतायत, तिसरी निघालीय." अकिलाने मान हलवली. मी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही.

एक तास दहा मिनिटांनी स्टेला बोलली. सत्यवानचा आवाज होता. "गावलो! गावलो! डिझेलच्या रिकाम्या कॅनाक धरून आसा!"

अकिला भिंतीला टेकल्या टेकल्या खाली बसली. डेल्सीने मुनीरच्या नावापुढे खूण केली, खुर्ची मागे सरकवली, तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि तिचा हात हातात घेतला. मी बाहेर जाऊन जेटीवर सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही. लोक मला उचलू पाहत होते एवढं आठवतं, आणि मी ओरडत होतो की मला नको, तिला उचला.

मुनीर चार दिवस हॉस्पिटलात होता. छातीत पाणी गेलं होतं. पाचव्या दिवशी घरी आला आणि मार्चमध्ये परत समुद्रावर गेला.

बातमी किनाऱ्याने पसरली. शेजारच्या दोन बंदरांतल्या सोसायट्यांनी डेल्सीला बोलावलं. प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून द्यायला तिची ना नव्हती, पण तिने अट घातली: तुमच्याकडची दोन माणसं माझ्याकडे पाठवा, ती शिकतील. नुसता प्रोग्राम चालवायला नाही, आतून कसा आहे ते. "आतून कळलं नाही तर चुकतंय कधी हेही कळत नाही," ती म्हणाली. "मी त्यातून गेलेय."

आता दर शनिवारी सकाळी आमच्या कचेरीत सहाजणी बसतात. त्यांत अकिला आहे. तिचं शिक्षण बारावीपर्यंत, पण ती सगळ्यांत चटपटीत. मी निवृत्त झालोय, तरी चहाच्या निमित्ताने जातो. गेल्या शनिवारी अकिलाने विचारलं, "बाई, बोटीच्या नावावर माणसां ठेवलीत. माणसाच्या नावावर बोटी ठेवूक येतत काय? म्हणजे एक खलाशी वर्षभरात कुठल्या कुठल्या बोटीवर होता ते कळेल. त्यांना अनुभवाचा दाखला मागतात, आणि कुणाकडे काही कागद नसतो."

डेल्सीने आपली खुर्ची तिला मोकळी करून दिली.

"येतं," ती म्हणाली. "कप्पा माणसाचा, यादी बोटींची. तूच लिही. अडलं तर मी आहे."

अकिलाने खुर्ची पुढे ओढली, वर्षभराची वही शेजारी उघडली आणि लिहायला घेतलं. तिची पहिली दोन उत्तरं चुकली. तिसऱ्यांदा पडद्यावर एक नाव आलं, सत्यवानचं, आणि त्याखाली वर्षभरातल्या चार बोटी, एकाखाली एक.